बॅकलिंका विकत घेऊ नका: छोट्या वेबसाइटवाल्यांनो, या चुका टाळा

गुहागरला होमस्टे चालवणाऱ्या एका ताईंचा फोन आला. "दादा, पाच हजार देऊन पाचशे बॅकलिंका घेतल्या, तरी गूगलवर आपण आहोत तिथेच." बॅकलिंक म्हणजे दुसऱ्याच्या साइटवरून आपल्या साइटकडे येणारी लिंक. ताईंनी पाठवलेली यादी मी उघडून पाहिली. कुठल्या कुठल्या परदेशी डिरेक्टऱ्या (साइटच्या नुसत्या याद्या), जुगाराची पानं, एकाच मजकुराचे वीस ब्लॉग. त्यातल्या एकाही ठिकाणचा वाचक गुहागरला येणारा नव्हता. मला मनापासून वाईट वाटलं, कारण ते पैसे सीझनच्या कमाईतून गेले होते.

लिंक म्हणजे एका पानानं दुसऱ्या पानाला दिलेलं मत, या कल्पनेवर लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली गूगल उभं केलं. मताला किंमत आली तशी ती विकणारी दुकानंही निघाली. २४ एप्रिल २०१२ ला गूगलनं 'पेंग्विन' नावाचा बदल आपल्या शोधयंत्रणेत आणून अशा साइट खाली ढकलायला सुरुवात केली, आणि २०१६ पासून ही छाननी मूळ यंत्रणेतच कायमची बसली. डिसेंबर २०२२ पासून गूगलचा 'स्पॅमब्रेन' हा स्पॅम पकडणारा प्रोग्राम विकतच्या लिंका ओळखून त्यांचं वजन शून्य करतो. म्हणजे बऱ्याचदा शिक्षा होत नाही, सूचनाही येत नाही, पैसे मात्र वाया जातात.

आधीच घेऊन बसला असाल तर घाबरू नका. सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या मोफत साधनामध्ये 'मॅन्युअल अ‍ॅक्शन' हे पान (गूगलच्या माणसांनी केलेल्या कारवाईची नोंद) उघडा. तिथे काही नसेल तर त्या लिंका तशाच राहू द्या. नोटीस असेल तरच लिंका काढून घ्यायला सांगा, आणि निघणार नाहीत त्यांच्यासाठी डिसअ‍ॅव्हाव टूल, म्हणजे 'या लिंका मोजू नका' असं गूगलला कळवायची सोय, वापरा. पैसे देऊन जाहिरात करण्यात काही गैर नाही, फक्त तिथल्या लिंकवर, पानाच्या कोडमध्ये, 'स्पॉन्सर्ड' (पैसे देऊन घेतलेली) अशी खूण केलेली असावी.

लिंक द्यावी असं पानच नसणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. ताईंच्या साइटवर काय होतं? खोल्यांचे फोटो, 'घरगुती जेवणाची सोय', फोन नंबर. दुसऱ्या कुणी आपल्या वाचकाला तिथे का पाठवावं? खोली हवी असेल तोच येणार.

मी त्यांना विचारलं, "पाहुणे फोनवर काय काय विचारतात?" त्या अर्धा तास बोलत होत्या. चिपळूण स्टेशनवरून एसटी कधी मिळते? दापोलीहून येताना दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाडी चढते का, शेवटची फेरी किती वाजता? गुहागरच्या व्याडेश्वराच्या देवळात अभिषेक करायचा तर आदल्या दिवशी सांगावं लागतं का, आईला पायऱ्या चढाव्या लागतील का? कासवाची पिल्लं समुद्रात सोडताना बघायची तर कुठल्या महिन्यात यावं? ही सगळी उत्तरं ताईंना तोंडपाठ. साइटवर मात्र एक ओळ नव्हती.

व्याडेश्वर हे कितीतरी घराण्यांचं कुलदैवत. त्या घराण्यांची कुलमंडळं आहेत, काहींच्या साइटही आहेत, आणि दर्शनाला कसं जायचं हा प्रश्न त्यांच्याकडेही येतच असतो. शाळेची सहल काढणारे शिक्षक, निसर्गप्रेमी मंडळं, कोकणावर लिहिणारे ब्लॉगर यांना कासवांची माहिती लागते: ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी साधारण हिवाळ्यात अंडी घालते, पुढं दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात, त्या वेळी टॉर्च आणि फ्लॅश का चालत नाही. हे नीट लिहिलेलं एक पान त्या पाचशे लिंकांपेक्षा मोलाचं, कारण ते दुसऱ्याचं काम वाचवतं.

इथे एक खास आपल्याकडची चूक होते. वेळापत्रकाचा फोटो काढायचा, तो व्हॉट्सअ‍ॅपवर आणि फेसबुकवर टाकायचा, की माहिती दिली असं समजायचं. त्या फोटोला लिंक कोण आणि कशी देणार? मजकूर स्वतःच्या साइटवर, साध्या अक्षरांत, स्वतंत्र पत्त्याच्या पानावर हवा. वर 'शेवटचा बदल' म्हणून तारीख टाका.

'डियर सर/मॅडम' मेल

एकच मेल शंभर जणांना पाठवू नका. समोरच्याचं पान आधी वाचा. जुनं वेळापत्रक, बंद पडलेली लिंक, बदललेला फोन नंबर, असं काही ना काही सापडतंच. मग एवढंच लिहा: "नमस्कार. तुमच्या गुहागरच्या पानावरचं फेरीबोटीचं वेळापत्रक जुनं आहे. आज धक्क्यावर विचारून नवं खाली लिहिलंय. आम्ही ते आमच्या पानावर ताजं ठेवतो, हवं असल्यास बघा." ताईंना पहिली लिंक एका कुलमंडळानं अशाच मेलनंतर दिली.

लिंकचे शब्द कोणते असावेत हे मात्र सांगू नका. 'गुहागर बेस्ट होमस्टे' हे शब्द दहा साइटवर तसेच्या तसे दिसले तर ते ठरवून केलेलं लगेच कळतं. 'तुम्ही मला द्या, मी तुम्हाला देतो' असली घाऊक अदलाबदलही नको. शेजारच्या होडीवाल्याची साइट तुमच्या पाहुण्यांना खरंच उपयोगी असेल तर लिंक द्या, परतफेड मागू नका.

लिंक मिळाली, पण काहीच दिसत नाही?

आधी ती स्वतः दाबून बघा. साइट नव्यानं करताना पानाचे पत्ते बदलले जातात आणि जुन्या लिंका '४०४' वर, म्हणजे 'पान सापडत नाही' या सूचनेवर, जाऊन आदळतात. असं झालं असेल तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे ३०१ रीडायरेक्ट (आपोआप नव्या पत्त्यावर नेणारी कायमची सोय) लावायला डेव्हलपरला सांगा. पानावर 'नोइंडेक्स' ही 'शोधात दाखवू नका' सांगणारी खूण राहून गेली नाही ना, तेही तपासा.

सर्च कन्सोलच्या 'लिंक्स' अहवालात सगळ्या लिंका येत नाहीत आणि येतात त्याही सावकाश, तेव्हा रोज बघत बसू नका. 'नोफॉलो' लिंक ('हिला मत धरू नका' अशी खूण असलेली) दिसली म्हणून खट्टू होऊ नका. २०१९ पासून गूगल ती खूण आदेश म्हणून नाही, इशारा म्हणून घेतं, आणि वाचक तर त्या लिंकेवरूनही येतोच. साइटचं वजन सांगणारा 'डोमेन ऑथॉरिटी' हा आकडा मॉझ कंपनीचा आहे, गूगलचा नाही. त्यासाठी झोप घालवू नका.

लिंक देणाऱ्याला विसरणं ही चूक तर फार जण करतात. ताईंनी आता एका वहीत नावं लिहून ठेवली आहेत. फेरीबोटीची वेळ बदलली की आधी आपलं पान बदलायचं, मग त्या वहीतल्या प्रत्येकाला एकेक निरोप.