100 मीटर हर्डल्स: आधी तीन पावलं, मग उंची

विद्यापीठ गटात मुलींच्या 100 मीटर हर्डल्सला दहा अडथळे असतात, प्रत्येकाची उंची 83.8 सेंमी. पहिला अडथळा 13 मीटरवर, पुढे दर 8.5 मीटरला एक, शेवटचा ओलांडल्यावर 10.5 मीटर सपाट धाव. जळगाव-धुळ्याच्या आंतरमहाविद्यालयीन मैदानावर आणि जागतिक विद्यापीठ स्पर्धेत मापं हीच. भारताच्या ज्योती याराजीने 2023 मध्ये चीनमधल्या चेंगडूला झालेल्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत 12.78 सेकंदांत कांस्यपदक मिळवलं, ते याच मापांवर.

आपल्याकडे बहुतेक मुली पूर्ण उंचीचा अडथळा समोर ठेवूनच शिकायला लागतात. इथेच घोटाळा होतो. उंची बघून मुलगी वर उडते, हवेत जास्त वेळ राहते, उतरताना वेग गेलेला असतो आणि पुढचा अडथळा तीन पावलांत येत नाही. खरी अडचण 8.5 मीटरची आहे. त्याची फोड बघा: अडथळ्यापलीकडे पाऊल साधारण 1 मीटरवर टेकतं, पुढच्याच्या सुमारे 2 मीटर आधी झेप सुरू होते. उरलेल्या 5.5 मीटरमध्ये तीन पावलं: अंदाजे 1.6, 2 आणि 1.9. तिसरं दुसऱ्यापेक्षा थोडं आखूडच हवं. ते लांबवलं की पाय शरीराच्या पुढे पडतो आणि ब्रेक लागतो.

म्हणून सुरुवात फक्कीने करा. टेपने मोजून 7 मीटरवर आडव्या रेषा मारा आणि त्यांवरून तीन पावलांची लय बसू द्या. मग दोन प्लास्टिक कोनांवर ठिबकच्या कामातून उरलेला हलका पीव्हीसी पाइप ठेवा, गुडघ्याइतक्या उंचीवर. पाइप मोकळाच राहू द्या, बांधू नका. पाय लागला की पडला पाहिजे. पुढे अंतर 7.5, 8, 8.5 मीटर असं वाढवा, उंची 60, 76 आणि शेवटी 83.8 सेंमी. एका वेळी एकच गोष्ट बदला. चौथं पाऊल शिरलं की अर्धा मीटर मागे या. चार पावलांत दर अडथळ्याला पुढचा पाय बदलतो, आणि ती सवय मोडायला फार त्रास होतो.

पहिल्या अडथळ्यापर्यंत आठ पावलं धरा. उजवा पाय आधी ओलांडत असेल, तर ब्लॉकमध्ये (सुरुवातीला पाय टेकवायच्या ठोकळ्यांत) डावा पुढे. पुढच्या पायाचा गुडघा आधी उचला, सरळ पाय फेकू नका. मागचा पाय बाजूने गुडघा वर ठेवून काखेखालून पुढे आणा. गुडघा खाली राहिला की घोटा किंवा नडगी अडथळ्याच्या वरच्या फळीला आपटते. खांदे पुढे झुकलेले हवेत. याचा सराव चालत, अडथळ्याच्या बाजूने रोज करावा.

खरा हर्डल ठेवताना त्याचे पाय धावणारीच्या बाजूला आहेत ना, हे प्रत्येक वेळी तपासा. उलटा ठेवला तर तो पडत नाही, मुलगी पडते.

मैदानाचंही बघा. खानदेशातल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, घोटा मुरगळतो. पावसात ती बुटांना चिकटते. मुरूम टाकून दाबलेली एक पट्टी असली तरी पुरते. एप्रिल-मेमध्ये सराव सकाळी आठच्या आत संपवा. सिंथेटिक ट्रॅकवर मात्र लय बदलते, पाऊल लांब पडतं. त्यामुळे विद्यापीठ स्पर्धेआधी काही दिवस तिथे धावायला मिळालंच पाहिजे.

प्रगती मोजायला अडथळा ओलांडून पाय जमिनीला टेकेल तेव्हा घड्याळ दाबा. पंधरा सेकंदांच्या आसपास धावणारीला पहिल्या अडथळ्याला 2.8 सेकंद आणि पुढे दर अडथळ्याला सुमारे 1.2 लागतात. हा आकडा सातव्या-आठव्या अडथळ्यापासून वाढत गेला, तर वेग टिकवण्याची ताकद कमी पडते आहे; तिथे 8 मीटर अंतरावर दहा-बारा अडथळ्यांच्या फेऱ्या द्या.

स्पर्धेत धावताना नुसता अडथळा पडला म्हणून कुणी बाद होत नाही. हाताने, अंगाने किंवा पुढच्या पायाच्या वरच्या बाजूने पाडला, पाय अडथळ्याच्या बाहेरून फळीच्या पातळीखालून गेला किंवा शेजारच्या लेनमधल्या धावपटूला अडथळा आणला, तर बाद. त्यामुळे पाय लागला तरी मागे न बघता पुढची तीन पावलं पूर्ण करायला शिकवा.