काजव्यांच्या सीझनची तयारी: आधी विहीर बघा

भंडारदऱ्याच्या अंगाला काजवे मेच्या शेवटापासून पाऊस बसेपर्यंत, जेमतेम तीन आठवडे, आणि ते बघायला पाहुणे आपल्या गावात टेंटात राहायला येतात. म्हणून शिमगा झाला की लगेच तयारीला लागा आणि यादीत पहिलं लिहा पाणी. मागच्या वेळी आम्ही बॅनरचा रंग, गाडीमागे पावती किती, जेवणात पिठलं का चिकन यावर तीन संध्याकाळी घालवल्या, विहिरीत कोणी डोकावलं नाही. दुसऱ्याच शनिवारी टेंटवाल्यांनी मोटर लावली आणि रविवारी पहाटे आमची चुलती विहिरीच्या तळाशी बसून वाटीवाटीनं हंडा भरतेय, वर काठावर पाहुणा ब्रश करत फोटो काढतोय. काकी आठ दिवस बोलली नाही माझ्याशी.

आपल्याकडे पाऊस धो धो, पण खाली सगळा कातळ, पाणी थांबतच नाही, आणि काजवे येतात ते नेमके वर्षातल्या सगळ्यात कोरड्या दिवसांत. तेव्हा अक्षय तृतीयेला दोरीला दगड बांधून विहीर मोजा, गावाचं माणशी रोज 55 लिटर (सरकारी नळयोजनेचे जलजीवन मिशनवाले हाच आकडा धरतात) आणि गुरांचं बाजूला काढा, उरेल त्यावरच टेंट किती ते ठरवा. पाहुण्यामागे 100 लिटर धरा. म्हणजे 12,000 लिटरचा टँकर 120 माणसांना एक रात्र, खलास! आधी बुकिंग घेऊन मग पाणी शोधायचं नाही. आणि मीटिंगला बायकांना बोलवा, विहिरीला कधी किती पाणी असतं ते त्यांनाच ठाऊक, आपण नुसते पावत्या फाडतो.

मग उजेड. नर लुकलुकतो तो मादीसाठी, त्यात तुमचा हेडलाइट घुसला की सगळा घोळ. हिरडा, बेहडा, सादड्याच्या झाडांजवळ गाडी न्यायचीच नाही, टॉर्चला लाल कागद. गाड्या गावाबाहेर, गवतात नको, काजव्यांच्या अळ्या जमिनीतच असतात. डीजे नाही म्हणजे नाही, कोणाचाही भाचा असू दे.

अभयारण्य आहे, वनखात्याची परवानगी लेखी घ्या. कचरा ज्याचा त्यानं परत न्यायचा. टॉयलेटचा शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला नको, बघा, परत पाणीच आलं. पैशाची वाटणी आधी कागदावर. फर्स्ट एड, जनरेटर वगैरे कळतंच तुम्हाला.

आणि ती दोरी कुठे ठेवलीय ते आजच बघा.