मेनिंजायटिस आणि त्याच्या लसी: या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे मेनिंजायटिसची एकच लस असते आणि ती एकदा टोचली की विषय संपला, असं धरून चालणं. असं नाहीये. मेंदू आणि मज्जारज्जूच्या भोवतीच्या आवरणाला सूज येते तो मेनिंजायटिस, आणि ती सूज व्हायरसमुळे येते, बॅक्टेरियामुळे येते, टीबीमुळे येते, फंगसमुळेसुद्धा येते. व्हायरलवाला बहुतेकदा आपला आपण बरा होतो, खरा डेंजर बॅक्टेरियावाला, त्यात डब्ल्यूएचओच्या आकड्यांप्रमाणे ६ पैकी साधारण १ पेशंट दगावतो आणि ५ पैकी १ जणाच्या मागे काहीतरी गंभीर त्रास राहतो.

आता लसी बघा. हिब, न्यूमोकोकल आणि मेनिंगोकोकल ही मेनिंजायटिस करणाऱ्या बॅक्टेरियांची नावं, आणि प्रत्येकाची लस वेगळी. हिबची लस बाळांच्या पेंटाव्हॅलेंटमध्येच (पाच आजारांची एकत्र लस) असते, न्यूमोकोकलची पीसीव्ही वेगळी, आणि मेनिंगोकोकलची तिसरी, त्यातही परत मुख्य दोन प्रकार, एक एसीडब्ल्यूवाय (म्हणजे त्या बॅक्टेरियाच्या ए, सी, डब्ल्यू, वाय या चार गटांसाठी) आणि दुसरी फक्त बी गटासाठी. एसीडब्ल्यूवाय घेतली म्हणजे बी पण कव्हर झालं असं कित्येकांना वाटतं, ते होत नाही. बीसीजी, म्हणजे टीबीची लस, तीसुद्धा लहान मुलांना टीबीच्या मेनिंजायटिसपासून बऱ्यापैकी वाचवते, हे तर कोणाच्या लक्षातच नसतं. त्यामुळे "लस झालीय ना?" एवढंच विचारून काही कळत नाही, कार्ड काढा आणि कुठली झालीय, कुठली राहिलीय ते नावानिशी बघा.

एखादा डोस चुकला म्हणून पहिल्यापासून सुरू करायची किंवा आता सोडूनच द्यायची गरज सहसा नसते, राहिलेले डोस डॉक्टरांना विचारून पुढे चालू करायचे. फक्त बी गटाच्या लसीत पहिला डोस बेक्सेरो या ब्रँडचा असेल तर पुढचाही त्याचाच लागतो, ट्रुमेनबा हा दुसरा ब्रँड मध्येच चालत नाही. आणि हज-उमराहला जाणाऱ्यांनी एसीडब्ल्यूवाय शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका, सौदीत पोचायच्या किमान १० दिवस आधी ती घेतलेली असावी लागते. प्लीहा (स्प्लीन) काढलेली असेल तर हा विषय स्वतःहून डॉक्टरांकडे काढा, अशा लोकांना लस आणि बूस्टर दोन्ही जास्त गरजेचे.

आता दुसरी चूक, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महागात पडते: सगळी लक्षणं दिसायची वाट बघणं. ताप, डोकेदुखी, मान आखडणं, उजेड सहन न होणं, अंगावर पुरळ, ही यादी सगळ्यांना पाठ असते आणि मग पुरळ नाहीये म्हणजे ते नसेल म्हणून घरीच थांबतात. पुरळ उशिरा येतं, कधी येतच नाही. सुरुवातीला नुसता फ्लूच वाटतो, पण हातपाय गार पडणं, पाय खूप दुखणं, पेशंट गुंगीत असणं किंवा काहीतरीच बडबडणं हे दिसलं तर थांबू नका. तान्ह्या बाळात तर मान आखडलेली कळतही नाही, तिथे डोक्यावरची टाळू फुगलेली दिसते, बाळ दूध घेत नाही, वेगळ्याच चिरक्या आवाजात रडतं, अंग सैल सोडतं. पुरळ असेल तर काचेचा ग्लास दाबून बघा, दाबल्यावरही डाग जात नसतील तर सरळ इमर्जन्सी. सावळ्या अंगावर हे पटकन दिसत नाही म्हणून तळहात, तळपाय आणि खालच्या पापणीच्या आत बघायचं. पॅरासिटामॉलने ताप उतरला म्हणून निश्चिंत होऊ नका, त्याने काहीच सिद्ध होत नाही. काही तासांत पेशंट बिघडतो हो यात.

घरात उरलेलं अँटिबायोटिक देऊन बघू, हे तर अजिबात नको. त्याने आजार आटोक्यात येत नाही, वर टेस्टमध्ये जंतू सापडायचं अवघड होतं. (हॉस्पिटलात डॉक्टर टेस्टच्या आधीच इंजेक्शन सुरू करतात ते वेगळं, तिथे उशीर परवडत नाही.)

टेस्टसाठी पाठीतलं पाणी काढायला नकार देणारे नातेवाईक पण भरपूर, कारण काय तर कंबर कायमची जाते, पाय लुळे पडतात. पण सुई मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली घालतात, म्हणून ही भीती धरून बसू नका. नंतर थोडे दिवस डोकं किंवा पाठ दुखू शकते, पण नेमका कुठला जंतू आहे आणि कुठलं औषध चालेल हे त्या पाण्यावरूनच सगळ्यात नीट कळतं.

मेनिंगोकोकलचा पेशंट निघाला तर घरातल्यांना आणि अगदी जवळच्या संपर्कातल्यांना प्रतिबंधक अँटिबायोटिक देतात, शक्यतो २४ तासांच्या आत, आणि लस झालेली असली तरी ते घ्यायचंच. जो नुसता त्याच ऑफिसात किंवा वर्गात होता त्याला सहसा लागत नाही, उगाच मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळ्या आणू नका.

आणि डिस्चार्ज मिळाला की लोक फाइल कपाटात टाकतात. बॅक्टेरियल मेनिंजायटिसनंतर ऐकू कमी येणं हा बऱ्यापैकी कॉमन त्रास आहे आणि लहान मूल ते सांगत नाही, त्यामुळे कानाची टेस्ट डिस्चार्जच्या आधी किंवा पुढच्या काही आठवड्यांत झालीच पाहिजे, डॉक्टर विसरले तर तुम्ही आठवण करा.