व्हॅली ऑफ फ्लॉवर्स: फुलांसाठी पायवाट चालताना

उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात पुष्पावती नदीच्या खोऱ्यात असलेले हे राष्ट्रीय उद्यान 1 जूनपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत खुले असते. जूनमध्ये ओहोळांत बर्फ साचलेला असतो आणि प्रिम्युला नुकती उमलू लागलेली असते. सर्वाधिक बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत असतो, म्हणजे ऐन पावसात. पावसामुळे फुले येतात आणि त्याच पावसामुळे दरडी कोसळून रस्ते बंद होतात, म्हणून परतीचे तिकीट काढताना हाताशी किमान दोन दिवस जास्तीचे ठेवावेत.

हृषीकेशहून जोशीमठमार्गे गोविंदघाटला पोहोचण्यास पूर्ण दिवस लागतो. तेथून पुलनापर्यंत जीप मिळते आणि पुढे सुमारे दहा किलोमीटरची चढण चालून सुमारे 3,000 मीटर उंचीवरच्या घांघरियाला मुक्काम करायचा असतो. उद्यानात राहण्यास परवानगी नसल्यामुळे रोज सकाळी येथूनच निघून संध्याकाळपूर्वी परतावे लागते. बहुतेकजण फुलांसाठी एकच दिवस ठेवतात. माझ्या मते दोन ठेवावेत, कारण एखादा दिवस धुक्यात जाण्याची शक्यता बरीच असते.

प्रवेशद्वार उघडताच आत शिरावे. पूल ओलांडल्यावर भूर्जवृक्षांतून जाणारी चढण दमवणारी आहे. येथे घाई केल्यास पुढे फुलांकडे पाहण्याचे त्राण उरत नाही. या सावलीतच, विशेषतः हंगामाच्या सुरुवातीला, नागाच्या फण्यासारखी फुलोऱ्याची वेष्टने असलेले अ‍ॅरिसीमा दिसतात. सह्याद्रीतला सापकांदा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे त्याचेच भाऊबंद असल्याचे चटकन कळेल. तसेच ऑगस्टमध्ये उतारच्या उतार गुलाबी करणारी, माणसाच्या खांद्याला लागणारी झाडे ही कासच्या पठारावरच्या तेरड्याच्याच कुळातील आहेत. आपल्या परिचयाच्या फुलांपासून सुरुवात केली, तर अनोळखी फुलांकडेही लक्षपूर्वक पाहता येते.

खोरे उघडताच दिसणाऱ्या पहिल्या कुरणात गर्दी थांबते आणि छायाचित्रे काढून परत फिरते. आपण मात्र पुढे जावे. रक्तवर्णी पोटेंटिला आणि जांभळट जिरॅनियम यांच्यामधून जाणारी वाट, 1939 मध्ये वनस्पती गोळा करताना घसरून मृत्यू पावलेल्या जोन मार्गारेट लेग यांच्या समाधीपर्यंत जाते. त्यापुढे नदीच्या पात्रापर्यंत गेल्यास वाळू-गोट्यांतून वर आलेले एपिलोबियमचे गडद गुलाबी ताटवे पाहायला मिळतात. तेथे बसून एकाच हातभर जागेत किती प्रकारची फुले आहेत, हे मोजून पाहावे. दहा पट मोठे दाखवणारे भिंग सोबत असल्यास उत्तमच. छायाचित्रासाठीदेखील वाटेबाहेर पाऊल टाकू नये. येथील वनस्पतींना वर्षातील मोजकेच महिने वाढीसाठी मिळतात आणि तुडवलेल्या रोपाला त्या हंगामात बी धरता येत नाही.

ब्रह्मकमळ आणि निळी हिमालयीन पॉपी पाहायची असेल, तर घांघरियाहून दुसऱ्या वाटेने हेमकुंडकडे जावे. ही जागा 4,300 मीटरहून उंच असल्यामुळे ती खोऱ्यानंतरच्या दिवशी ठेवावी, म्हणजे शरीराला विरळ हवेची थोडी सवय झालेली असते. डोके दुखू लागून मळमळ होत असेल, तर आणखी वर न जाता खाली उतरावे. पवित्र मानले जाणारे ब्रह्मकमळ जागेवरच पाहावे, तोडू नये.

साहित्यात पोंचो, सॅकवर घालायचे आच्छादन, घरी महिनाभर वापरून पायात बसलेले पकडदार बूट, कोरडे मोजे आणि रोख रक्कम आवश्यक आहे. छत्रीही न्यावी, कारण रिमझिम पावसात कॅमेरा आणि भिंग दोन्ही तिच्याखाली वापरता येतात. काठी चढणीपेक्षा पुलन्याच्या उतरणीवर अधिक उपयोगी पडते. ओल्या दगडी फरसबंदीवर गुडघ्यांना खरा आधार तिचाच असतो.