परड्यातलं लग्न: आधी ऊन बघा, मग मांडव घाला

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या सांगली जिल्ह्यातल्या भिलवडी-पलूसच्या पट्ट्यात माणसांची लग्नं सुरू होतात. शरद ऋतू कार्तिकाबरोबर संपतो. म्हणजे द्वादशीपासून अमावास्येपर्यंत जेमतेम अठरा दिवस हातात येतात. घरच्या परड्यात लग्न करायचं असेल तर मी हेच दिवस धरायला सांगते. चिखल वाळलेला असतो, पण जमिनीत ओल असल्यामुळं धूळ उडत नाही. उसाला तुरे फुटायला लागलेले असतात. आणि ऊन भर दुपारीसुद्धा डोक्यावर येत नाही, दक्षिणेकडून तिरकं पडतं. चैत्र-वैशाखात तेच ऊन डोक्यावरून पडून माणसांच्या डोळ्यांखाली काळे खड्डे पाडतं.

मी बावीस वर्षं लग्नांचे फोटो काढते. गेल्या कार्तिकात माझ्या भाचीचं लग्न आमच्याच परड्यात झालं. आईचं खुब्याचं हाड मोडलेलं, कार्यालयाच्या पायऱ्या चढणं शक्य नव्हतं. भाची म्हणाली, "आजी नसेल तिथं मी अक्षता टाकून घेणार नाही." दादानं कार्यालयाचा विचार सोडला आणि मला म्हणाला, "तायडे, कसं करायचं ते तू सांग."

मी आधी वहीपेन घेतलं नाही, फक्कीचं, म्हणजे रेघा आखायच्या पांढऱ्या भुकटीचं, पोतं मागितलं. लग्नाच्या तीन आठवडे आधी एक अख्खा रविवार परड्यात बसले. सकाळी आठपासून दर तासाला घराची, नारळाची, शेजारच्या भिंतीची सावली कुठवर येते तिथं फक्कीची रेघ मारली. संध्याकाळपर्यंत जमिनीवर सगळा दिवस उमटला. वधूवरांची जागा, पंगतीची जागा, आईची खुर्ची, सगळं त्या रेघांवरून ठरलं. तुम्ही बाकी काही केलं नाही तरी हे करा. यादी, आहेर, मेनू यांवर आठवडेच्या आठवडे जातात आणि ऊन कुणी बघत नाही.

मग गुरुजींकडं जा. आमच्या भागात साडेबाराच्या आसपासचा मुहूर्त नेहमीचा. गोरज मुहूर्त ऐकायला गोड, पण कार्तिकात आमच्याकडं सूर्य सहाच्या आतच मावळतो आणि पाऊण तास उशीर झाला की अक्षता अंधारात पडतात. वऱ्हाड उशिरा येतंच, कारण याच दिवसांत साखर कारखाने सुरू झालेले असतात आणि रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर असतात. मी सकाळचा मुहूर्त मागितला, गुरुजींनी १०:४२ काढून दिला. ऊन पुरेसं वर आलेलं, पण कोवळेपणा पुरता गेलेला नाही, अशी ती वेळ.

आता कापड, आणि इथं मी हट्टाला पेटते. मांडवाचं कापड पांढरंच घ्या. कापडातून गाळून आलेला उजेड कापडाचाच रंग घेऊन चेहऱ्यावर बसतो. लाल-पिवळा शामियाना असेल तर सगळे तापानं फणफणल्यासारखे दिसतात. द्राक्षबागेतली हिरवी शेडनेट ताणली की नवरी आजारी दिसते. फार वर्षांपूर्वी एका लग्नात ऐनवेळी पाऊस आला म्हणून निळी ताडपत्री चढवली होती. त्या मुलीचा एकही फोटो मला नीट करता आला नाही. सगळीकडे एकच रंग चढला असता तर काढता आला असता, पण अर्ध्या चेहऱ्यावर निळा आणि अर्ध्यावर बाहेरचा पांढरा उजेड होता, त्याला इलाज नाही. ती हळहळ अजून माझ्या मनात आहे. अवकाळीची भीती असेल तर पांढरा प्लॅस्टिक कागद आणून ठेवा आणि तो कापडाच्या वर टाकायची माणसं आधी नेमा.

मांडवाची दक्षिणेची बाजू पांढऱ्या पडद्यानं बंद करा, उत्तरेची सताड उघडी ठेवा. पडद्यातून ऊन गाळून येतं, उघड्या बाजूनं आभाळाचा मऊ उजेड मिळतो. गुरुजी वधूवरांना पूर्व-पश्चिम उभं करतात, त्यामुळं अंतरपाट धरल्यावर उत्तरेकडून दोघांचे चेहरे एकदम टिपता येतात. ती जागा फोटोवाल्यासाठी राखायला एका मामाला उभं करा.

परड्यातली दोरी, डिश अँटेना, निळी पिंपं काढून टाका. गोवऱ्यांचा हुडवा, आड, शेवगा राहू द्या, ते घराचे आहेत. आचाऱ्याच्या चुली पश्चिमेला लावा, कारण या दिवसांत वारा बहुतेक पूर्वेकडून असतो. तरी आदल्या दिवशी उदबत्ती लावून धूर कुठं जातो ते बघाच. पंगतीत माणशी दोन फूट धरा. पन्नास फुटांच्या ओळीत पंचवीस पानं बसतात. आमची दीडशे माणसं तीन-तीन ओळींच्या दोन पंगतींत उठली. सतरंज्या आठच्या आधी अंथरू नका, दवानं भिजतात. जनरेटर घरापलीकडं ठेवा, नाहीतर व्हिडिओत मंगलाष्टकांवर त्याचीच घरघर चढते.

हळदीला कॅमेऱ्याचं ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग आपोआप जुळवणं, बंद करा. सगळीकडं पिवळं दिसलं की कॅमेरा ते दुरुस्त करायला जातो आणि हळद फिकी, निळसर करून टाकतो. मी ते दिवसाच्या उजेडाच्या ५२०० केल्विनवर बांधून ठेवते. सांगलीची हळद, तिला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं, ती फोटोत तिच्या रंगाचीच दिसली पाहिजे. हळद सकाळी लवकर लावणार असाल तर कृष्णाकाठचं धुकं मिळतं. त्यात फ्लॅश मारू नका, धुक्याचा प्रत्येक थेंब उजळतो.

अक्षतांना शटर हजारांश सेकंद ठेवलं तर दाणा न् दाणा हवेत थांबतो. सेकंदाच्या सव्वाशेव्या भागावर आणलं तर रेघा दिसतात. मला दाणे आवडतात. पांढऱ्या कापडाखाली कॅमेरा फसून चेहरे काळे पाडतो, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घ्यायचा उजेड, पाऊण-एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). दोन लेन्सा पुरतात, ३५ आणि ८५ मिलिमीटरच्या. शेवटच्या मंगलाष्टकेला मात्र नवरानवरीला सोडून एकदा मागं वळा. माझी आई मागच्या दाराच्या उंबऱ्याशी खुर्चीत होती, तिथं दहा वाजल्यापासून सावली येते हे फक्कीनं मला आधीच सांगितलं होतं. मुठीतल्या अक्षता टाकायच्या ती विसरली आणि हात तसाच छातीशी धरून रडत राहिली. अख्ख्या लग्नात मला तो एक फोटो हवा होता.

घरच्यांचे एकत्र फोटो जेवणाआधी उरका. नावांची यादी मोठ्या आवाजाच्या काकांकडं द्या. पाठवणी साडेचारला ठेवा. तेव्हा ऊन उसाच्या तुऱ्यांमागून येतं आणि तुरे चांदीसारखे पेटतात. नवरीला तुऱ्यांकडं पाठ करून उभी करा, चेहऱ्यावर समोरच्या पांढऱ्या भिंतीचा उजेड येऊ द्या. औदुंबरला दत्ताच्या पाया पडायला जाणार असाल तर पाचला निघा, म्हणजे कृष्णेच्या घाटावर थोडा उजेड उरलेला असेल. परतताना ट्रॅक्टरमागच्या ट्रॉल्यांना दिवे नसतात, हे ड्रायव्हरला बजावून सांगा.

मंडपवाल्याला दुसऱ्या दिवशी नऊच्या आत येऊ देऊ नका. सकाळी सातला रिकाम्या मांडवात कोवळं ऊन शिरतं, जमिनीवर अक्षता आणि झेंडू पडलेले असतात, अंतरपाट कुठंतरी घडी करून ठेवलेला असतो. ते फोटो दहा मिनिटांत होतात.