मिनेसोटा स्टेट फेअरला जाताय? मग या चुका टाळा

ऑगस्ट संपत आला की मिनिआपोलिस आणि सेंट पॉलमधल्या मराठी घरांत दोन लगबगी एकदमच सुरू होतात, गणपतीची आणि स्टेट फेअरची. फेअर बारा दिवस चालते आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, लेबर डेला संपते. 2019 मध्ये तर तो सोमवार आणि गणेश चतुर्थी एकाच दिवशी आले होते. त्यात भारतातून आई-बाबा आलेले असतात, त्यांना 'इथली जत्रा' दाखवायची असते. मग व्हायचं तेच होतं. शनिवारी जेवून निघायचं, पार्किंग शोधत फिरायचं, दिसेल त्या पहिल्या स्टॉलवर पोट भरायचं आणि पाय बोलायला लागले की परत. घरी आल्यावर बाबांचा अभिप्राय ठरलेला: "गर्दी बरीच होती हो, पण बघण्यासारखं काही नव्हतं."

खाऊगल्ली समजून जाणं

सगळ्यात मोठी चूक हीच, बाकीच्या बऱ्याचशा तिच्यातूनच येतात. ही मुळात शेतकऱ्यांची जत्रा आहे. मिनेसोटा 1858 मध्ये राज्य झालं आणि 1859 मध्ये पहिली स्टेट फेअर भरली. नव्याने वसलेल्या या थंड मुलखात शेती नीट होते हे एकमेकांना, आणि बाहेरून येऊ पाहणाऱ्यांना, दाखवायचं होतं. म्हणून उत्तम जनावराला, उत्तम धान्याला, उत्तम लोण्याला बक्षिसं. सुरुवातीला जागा सारखी बदलायची आणि फेअर आपल्याकडेच भरावी म्हणून दोन्ही शहरं हट्टाला पेटलेली. शेवटी 1885 मध्ये रॅम्झी काउंटीने गरिबांना आसरा देणाऱ्या आपल्या सरकारी शेताची 210 एकर जमीन दिली. ती दोन्ही शहरांच्या मधोमध, त्यामुळे भांडण मिटलं. आज तोच पसारा 320 एकरांचा आहे, आणि फेअर चालवणारी संस्था अजूनही राज्याची कृषी सोसायटीच आहे.

करमणूक हळूहळू वाढत गेली. 1906 मध्ये डॅन पॅच नावाच्या घोड्याने इथे एक मैल 1 मिनिट 55 सेकंदांत पार केला. 1920, 1933 आणि 1934 मध्ये तर दोन रेल्वे इंजिनं समोरासमोर आणून मुद्दाम धडकवली, आणि लोकांनी ते तिकीट काढून पाहिलं. 2 सप्टेंबर 1901 ला तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट इथेच म्हणाले होते की बोलावं मवाळपणे, पण हातात दणकट सोटा ठेवावा. चारच दिवसांनी अध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्याच महिन्यात रूझवेल्ट अध्यक्ष झाले. यादवी युद्धाच्या काळात 1861 आणि 1862 ला फेअर भरली नाही, 1945 ला इंधनटंचाईने, 1946 ला पोलिओच्या साथीने आणि 2020 ला कोविडने.

तेव्हा आत शिरल्यावर आधी गोठ्यांकडे वळा. गावाकडचे आई-बाबा असतील तर तिथेच रमतात, हा माझा ठाम अनुभव आहे. शाळकरी पोरं आपल्या गायीला शाम्पूने अंघोळ घालतात, ड्रायरने केस वाळवतात आणि रात्री गोठ्यातच शेजारी पथारी टाकतात. भाषेची अडचण फारशी येत नाही. "किती दूध देते?" एवढं विचारलं तरी पुढची पंधरा मिनिटं निघतात. जवळच 'मिरॅकल ऑफ बर्थ सेंटर' आहे. तिथे गायी, मेंढ्या, डुकरिणी लोकांसमोर वितात आणि पशुवैद्य शेजारी उभं राहून समजावून सांगतात. लहान मुलांना नेण्याआधी मात्र थोडी कल्पना द्या.

एक लक्षात असू द्या: बारा दिवस तीच जनावरं तिथे नसतात. स्पर्धा पालटतात तशी गोठ्यातली मंडळीही पालटतात, मधे एखाद दिवस काही गोठे रिकामेही दिसतात. ठरावीक काही बघायचं असेल तर फेअरच्या संकेतस्थळावर त्या दिवसाचं वेळापत्रक बघून मगच निघा.

लोण्याचं डोकं न बघता परतणं

डेअरी बिल्डिंगमध्ये काचेची एक फिरती, थंडगार खोली असते. आत कोट घालून एक मुलगी बसलेली असते आणि समोर शिल्पकार 90 पौंडांच्या, म्हणजे साधारण 41 किलोंच्या लोण्याच्या ठोकळ्यातून तिचंच डोकं कोरत असतो. राज्यातल्या दुग्धव्यवसायाची प्रतिनिधी म्हणून दरवर्षी एकीची 'प्रिन्सेस के' निवड होते, तिचं आणि अंतिम फेरीतल्या इतर मुलींची अशी शिल्पं होतात. प्रथा 1965 पासूनची. लिंडा क्रिस्टेन्सन यांनी जवळपास 50 वर्षं ही डोकी कोरली. एका डोक्याला दिवसाचा बराच भाग जातो, तेव्हा पाच मिनिटं पाहून पुढे गेलात तर नुसता ठोकळा दिसेल. सकाळी एकदा आणि दुपारी परत एकदा डोकवा, नाक-डोळे उमटलेले दिसतील. डोकं शेवटी त्या मुलीच्या घरी जातं.

तसंच अ‍ॅग्रिकल्चर-हॉर्टिकल्चर इमारतीतलं 'क्रॉप आर्ट'. एकेक बी चिकटवून केलेली चित्रं, म्हणजे आपली धान्याची रांगोळी, फक्त भिंतीवर टांगलेली. बी मिनेसोटात पिकणाऱ्या झाडांचंच हवं. लांबून साधं चित्र वाटतं, जवळ गेल्यावर भुवया मोहरीएवढ्या दाण्यांच्या असल्याचं कळतं. हल्ली इथे लांब रांग लागते, म्हणून हे सकाळीच उरकावं.

शनिवारी दुपारी गाडी घेऊन जाणं

2018 मध्ये फेअरची एकूण हजेरी पहिल्यांदा 20 लाखांवर गेली. त्यातल्या शेवटच्या शनिवारी एका दिवसात 2.7 लाखांहून जास्त लोक आले होते. तेव्हा शक्य असेल तर सोमवार ते बुधवारातला दिवस धरा आणि सकाळी लवकर पोचा. आतलं पार्किंग लवकर भरतं. त्यापेक्षा शहरभर ठेवलेल्या मोफत पार्किंगमध्ये गाडी लावून तिथल्याच बसने जावं. परतीची बस कुठून सुटते त्या थांब्याचा उतरताना फोटो काढून ठेवा, रात्री सगळे थांबे सारखेच दिसतात. तिकीट आधी घेतलं तर स्वस्त पडतं. 65 च्या वरच्या लोकांना आणि मुलांना सवलतीचे दिवस असतात, तारखा बघून घ्या.

आईचे गुडघे दुखत असतील तर "जमेल तेवढं चालू" या भरवशावर जाऊ नका. व्हीलचेअर भाड्याने मिळते, ती आत शिरतानाच घ्यावी. सगळा परिसर एका दिवसात पालथा घालायचा हट्टही नको.

'चीज आहे म्हणजे शाकाहारीच' असं धरून चालणं

काडीला खोचलेला जवळजवळ प्रत्येक पदार्थ इथे मिळतो आणि त्यातले बरेचसे मांसाचे. प्रॉन्टो पप हा 1947 पासूनचा लाडका प्रकार म्हणजे पिठात बुडवून तळलेलं सॉसेज. तळलेले चीज कर्ड्‌स (ताज्या चीजचे छोटे गोळे) दिसायला निरुपद्रवी असतात, पण तेल कशाकशाला वापरलंय आणि चीजसाठी दूध फाडायला वापरलेलं रेनेट जनावराचं आहे की दुसरं कुठलं, हे विचारायला हवं. सूपही भाज्यांचं दिसलं तरी आत कोंबडीचा रस्सा असू शकतो. निःशंक खाता येतं ते भाजलेलं कणीस. साल मागे ओढून, लोण्यात बुडवूनच हातात देतात. आजोबांना तिखट-मीठ-लिंबाची आठवण येणारच, पिशवीत पुडी टाकून न्या! घरचा डबाही आत नेता येतो. दुसरा भरवशाचा ठेला दुधाचा: थोडक्या पैशांत हवं तेवढं प्या, साधं किंवा चॉकलेटचं.

एकेक पदार्थ सगळ्यांत वाटून खाल्ला तरच पाच-सहा चाखून होतात. पहिल्या फेरीत काही विकत न घेता फक्त बघून यावं, हे ऐकायला सोपं आणि पाळायला अवघड.

चुकामूक आणि पाऊस

"ग्रँडस्टँडपाशी (मोठ्या कार्यक्रमांच्या प्रेक्षागारापाशी) भेटू" हा निरोप निरुपयोगी, कारण तिथे सगळेच भेटत असतात. अमुक इमारतीचं अमुक दार असं ठरवा. मुलांच्या मनगटावर तुमचा फोन नंबर पेनाने लिहा, गर्दीत फोन लागतीलच असं नाही. ऑगस्टअखेरीस दुपारी रणरणतं ऊन आणि संध्याकाळी विजांचा पाऊस असं इथे होऊ शकतं. ढग दाटले की मोठ्या इमारतीत शिरा, झाडाखाली थांबू नका.

आणि स्वीट मार्थाच्या कुकींची बादली शेवटी घ्या, निघताना. तीत कुकी शिगोशीग रचलेल्या असतात, झाकण लागावं म्हणून वरच्या तिथेच उभ्याने संपवाव्या लागतात. त्यात अंडं असतं, हे आईला आधी सांगा.