ऑनर्सला पशुविज्ञान घेतलंय? या चुका टाळा

पशुविज्ञान आणि व्यवस्थापनाच्या ऑनर्स वर्षात हुशार मुलांचेही गुण जातात, आणि ते पाठांतर कमी पडलं म्हणून नव्हे. कागदावरचा आकडा गोठ्यातल्या जनावराशी ताडून पाहिलेला नसतो, म्हणून जातात.

सर्वांत महागात पडणारी चूक आधी घेऊ. दोन कप्पे, प्रत्येकात २० कोकरं. एका कप्प्याला एक खाद्य, दुसऱ्याला दुसरं. आठ आठवड्यांनी वजनं घेतली, ४० नोंदी झाल्या, टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणारी सांख्यिकी चाचणी) लावली, फरक लक्षणीय आला. पण परीक्षकाचा पहिलाच प्रश्न असतो, ‘प्रायोगिक एकक कोणतं?’ म्हणजे खाद्य स्वतंत्रपणे दिलं कोणाला? खाद्य कोकराला दिलेलंच नव्हतं, ते कप्प्याला दिलं होतं. म्हणजे प्रत्येक खाद्य तपासलं गेलं फक्त एकदा. एका कप्प्यात हवा जास्त खेळती असेल, गव्हाण लांब असेल, एखादं दांडगं कोकरू बाकीच्यांना खाऊ देत नसेल, तर दिसलेला फरक खाद्याचा की कप्प्याचा, हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही.

याची दुरुस्ती प्रयोगाआधीच होते. त्याच ४० कोकरांचे पाच-पाचचे आठ कप्पे करा आणि चिठ्ठ्या टाकून चारांना एक खाद्य, चारांना दुसरं द्या. विश्लेषणात कप्प्याची सरासरी धरा. प्रत्येक जनावराला स्वतंत्र खाऊ घालता येत असेल, तर जनावर हेच एकक. प्रयोग आधीच उरकला असेल, तर चाचणी न लावता नुसतं वर्णन मांडा आणि मर्यादा स्पष्ट लिहा. नोंदी ४० होत्या म्हणून नमुना ४० चा होता, असं मात्र कुठेही लिहू नका. सांख्यिकीच्या शिक्षकांना नोंदी गोळा झाल्यावर भेटण्यापेक्षा आराखडा कच्चा असताना भेटा.

दुसरी चूक आहाराच्या गणितातली. हिरव्या चाऱ्यात ३ टक्के प्रथिनं, खुराकात (धान्य-पेंडीच्या मिश्रणात) १६ टक्के. म्हणून चारा निकस, असा निष्कर्ष मी पुन्हा पुन्हा वाचतो. चाऱ्यात पाणीच ८० टक्के आहे, हे विसरलेलं असतं. शुष्क पदार्थावर, म्हणजे पाणी वगळून उरलेल्या भागावर, काढलं तर चाऱ्यातली प्रथिनं १५ टक्के होतात. खुराकात शुष्क पदार्थ ९० टक्के धरला, तर तिथे जेमतेम १८ टक्के येतात. तुलना एकदम बदलते! उलट बाजूही तितकीच घातक: ५०० किलोच्या गाईला १५ किलो शुष्क पदार्थ हवा आणि तुम्ही १५ किलो हिरवा चारा लिहिलात, तर तिच्या पोटात जातो तीन किलो. उत्तर पटण्यासारखं नसेल, तर सूत्र तपासण्याआधी एककं तपासा. प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर ‘ताज्या वजनावर’ किंवा ‘शुष्क पदार्थावर’ लिहायची सवय लावा.

वेळेचं गणितही असंच चुकतं. सत्र संपतंय म्हणून डुकरीण लवकर विणार नाही. तिला साधारण ११४ दिवस लागतात, मेंढीला पाच महिन्यांच्या आसपास, गाईला नऊ महिन्यांहून थोडे जास्त. आहार बदलल्यावर कोटीपोटातल्या (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातल्या) सूक्ष्मजीवांना रुळायला दोनेक आठवडे द्यावे लागतात. तो काळ न सोडता घेतलेली मोजमापं जुन्या आणि नव्या आहाराची खिचडी असते. धान्य एकदम वाढवलं तर आम्लधर्मी अपचनाने जनावर आजारी पडतं, ते वेगळंच. नैतिक समितीची परवानगी पहिल्या नोंदीआधी हवी. मागाहून ती मागायची सोय नसते. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली पर्याय (शक्य तिथे जनावराऐवजी दुसरं काही), घट (कमीत कमी जनावरं) आणि सुधारणा (कमीत कमी त्रास) ही तीन तत्त्वं अर्जात नुसती उतरवू नका. इतकीच जनावरं का, याचा हिशोब द्या.

‘दुधाची हेरिटॅबिलिटी (आनुवंशिकतेचं प्रमाण) ०.३०, म्हणजे ३० टक्के दूध आईबापाकडून’ हे वाक्य तर खोडूनच टाका. हा आकडा एका गाईबद्दल काही सांगत नाही. त्या कळपातल्या गाईगाईंमध्ये जो फरक दिसतो, त्यातला किती वाटा जनुकांच्या बेरजी परिणामाचा (एकेका जनुकाच्या परिणामांच्या बेरजेचा), एवढंच तो सांगतो. प्रजननक्षमतेच्या लक्षणांत हा वाटा बहुधा ०.१० पेक्षाही कमी असतो. तिथे माज वेळेवर ओळखणं आणि व्यायल्यानंतरचा आहार यांनी फरक लवकर पडतो. निवडीनेही सुधारणा होते, पण त्यासाठी वळूच्या पुष्कळ मुलींच्या नोंदी लागतात.

व्यवस्थापनाच्या पेपरात सर्वाधिक दूध म्हणजे सर्वाधिक नफा असं गृहीत धरू नका. शेवटच्या किलो खुराकाने वाढलेल्या दुधाची किंमत त्या खुराकाच्या किमतीला पुरते का, ते पाहा.

वर्तनाचा अभ्यास करणाऱ्यांनी ‘गाय आरामात होती’ असं टिपू नये. बसलेली, उभी, रवंथ करणारी, अशा प्रत्येक कृतीची व्याख्या आधी लिहा. मग एकच चित्रफीत दोघांनी वेगवेगळी पाहून नोंदी जुळतात का ते तपासा. जुळल्या नाहीत तर व्याख्या दुरुस्त करा आणि तीच चित्रफीत पुन्हा पाहा. शक्य असेल तर नोंद घेणाऱ्याला कोणता गट कुठला हे कळू देऊ नका.